न बांधलेल्या घरातले ऊन

आमच्या शेजारच्या वहिनींनी २०१९ च्या दिवाळीत पुण्यात मुलासाठी फ्लॅट बुक केला. त्याआधी महिनाभर त्यांच्या टीपॉयवर एक जाडजूड, गुळगुळीत माहितीपत्रक पडलेले असायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या त्यातले एकच पान उघडून दाखवायच्या. पानावर स्वयंपाकघर होते. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, ओट्यावर लिंबांची परडी, आणि खिडकीतून आलेले कोवळे ऊन थेट समोरच्या भिंतीपर्यंत पोहोचलेले.

"मी आयुष्यभर अंधाऱ्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापल्या," वहिनी म्हणायच्या. "सुनेला तरी उजेड मिळू दे."

त्या उजेडासाठी मुदतठेव मोडली. सासूबाईंनी दिलेल्या पाटल्याही मोडल्या. तीन वर्षांनी ताबा मिळाला, वास्तुशांत झाली. मीही गेले होते. स्वयंपाकघरात पाऊल टाकले आणि हात आपोआप दिव्याच्या बटणाकडे गेला. दुपारचे बारा वाजले होते! खिडकीसमोर जेमतेम दहा फुटांवर शेजारच्या विंगची भिंत उभी होती. वहिनी काही बोलल्या नाहीत. पाहुणे गेल्यावर मात्र हळूच म्हणाल्या, "फोटोत होतं की हो ऊन!"

भगिनींनो, गोम इथेच आहे. तो फोटो नव्हताच. ते माहितीपत्रक छापले तेव्हा त्या जागेवर एक मोठा खड्डा होता आणि खड्ड्यात पावसाचे पाणी होते. मग ऊन आले कुठून?

माझी भाची पुण्यात हेच काम करते. न बांधलेल्या इमारतींची चित्रे करणाऱ्या एका स्टुडिओत ती नोकरीला आहे. वहिनींची चित्रे काही तिच्या स्टुडिओतली नव्हती. तरी तिला मी चांगलेच फैलावर घेतले. ती जरा गप्प बसली, मग म्हणाली, "मावशी, एकदा ये आमच्याकडे. ऊन कसं करतात ते दाखवते. आणि ते खोटं होऊ नये म्हणून आम्ही घरच्या घरी काय केलंय, तेही दाखवते."

फोटो नव्हे, हिशेब

एका जुन्या बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, नऊ माणसे, खिडक्यांना पडदे, आणि मागच्या खोलीत सतत घुमणारी संगणकांची रांग. इतकाच तो स्टुडिओ. चपला बाहेर काढायच्या. चहा मात्र फर्मास मिळाला.

पूर्वी हे काम चित्रकार करत. आर्किटेक्टच्या नकाशावरून बोर्डावर पट्टीने रेषा काढायच्या, पोस्टर कलर नाहीतर एअरब्रशने रंग भरायचे, झाडे नि माणसे हाताने घालायची. ते चित्र आहे हे बघणाऱ्याला कळायचे. आता नकाशावरून संगणकात अख्खी इमारत आकाराने उभी करतात. भिंतींना रंग, फरशीला टाइल, सोफ्याला कापड देतात. मग एक कॅमेरा ठेवतात, एक सूर्य ठेवतात, आणि संगणकाला सांगतात, आता हिशेब कर. उजेड कुठून आला, कशावर आपटला, किती परत फिरला. या हिशेबालाच रेंडरिंग म्हणतात.

हिशेब साधासुधा नसतो. छापण्याजोग्या एका चित्राची रुंदी ४,००० ठिपके आणि उंची २,२५० ठिपके धरली, तर ९० लाख ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्यासाठी उजेडाच्या अनेक वाटा शोधायच्या. तुम्ही लाल साडी दोरीवर वाळत घातलीत की शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर लालसर झाक पडते, हे तुम्ही पाहिले असेल. ती झाकसुद्धा संगणकाला मोजावी लागते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी ही एका भिंतीचा रंग दुसरीवर पडण्याची गोष्ट गणितात बसवली ती १९८४ साली. त्याआधी १९८० मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या टर्नर व्हिटेड यांनी डोळ्यापासून उलटा निघून किरणाचा माग काढायची रीत मांडली होती. काचेचा पारदर्शकपणा आणि धातूची चकाकी चित्रात आली ती त्या रीतीने.

या शास्त्राच्या सुरुवातीला एक गृहिणीही आहे बरं का! १९७५ मध्ये युटा विद्यापीठातले मार्टिन न्यूएल यांना संगणकावर उभा करायला एखादा ओळखीचा, वळणदार आकार हवा होता. पतिपत्नी चहा घेत बसले असताना त्यांच्या पत्नी सँड्रा यांनी सुचवले की हा आपला चहाचा सेटच घे ना. त्यांनी किटली आलेखाच्या कागदावर उतरवली. ती किटली पुढे इतकी गाजली की भाचीच्या संगणकातल्या 'थ्रीडीएस मॅक्स' या सॉफ्टवेअरमध्ये चौकोन, गोल यांच्या पंक्तीला ती तयार आकार म्हणून बसलेली आहे. बटण दाबले की किटली हजर! खरी किटली कॅलिफोर्नियातल्या संगणक संग्रहालयात जपून ठेवली आहे.

मिक्सर बाजारचा, वाटण घरचे

"मग हे सगळं विकतच्या सॉफ्टवेअरमध्येच होतं ना?" मी विचारले. "तुम्ही घरी काय करता?"

"मावशी, मिक्सर बाजारातून आणला म्हणून सगळ्यांचं वाटण सारखं होतं का?"

मुद्दा पटला. इमारत उभी करायला थ्रीडीएस मॅक्स, उजेडाचा हिशेब करायला बल्गेरियातल्या सोफिया शहरात सुरू झालेल्या कंपनीचे 'व्ही-रे' किंवा प्रागमध्ये २००९ साली एका विद्यार्थ्याने सुरू केलेले 'कोरोना', ही हत्यारे जगभरच्या स्टुडिओंत चालतात. पण ती सगळ्यांसाठी केलेली असतात. तुमच्या स्टुडिओत कोण काय विसरते, कोणत्या फायलीला काय नाव देतात, गिऱ्हाईक ऐनवेळी काय बदलते, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यासाठी या सॉफ्टवेअरमध्येच बारीकसारीक सूचना लिहायची सोय असते. त्या सूचनांच्या यादीला स्क्रिप्ट म्हणतात. अशा स्क्रिप्ट जोडून स्टुडिओ आपापली घरगुती टूल्स तयार करतात. ती दुकानात मिळत नाहीत. आपल्याकडे आजीच्या हातचे भाजणीचे माप कसे घरातच राहते, तसेच हे.

भाचीने मला पहिले दाखवले ते कोठीघर. म्हणजे पडद्यावरची एक खिडकी, आणि तिच्यात रांगेने मांडलेल्या वस्तू. विकत मिळणाऱ्या वस्तूंच्या संग्रहात परदेशी सोफे नि परदेशी झाडे भरपूर. आपल्या घरातल्या वस्तू मात्र शोधाव्या लागतात. म्हणून या मंडळींनी स्वतःच तयार केल्या आहेत. शिट्टीसकट कुकर, पाट-पोळपाट, तुळशीवृंदावन, देव्हारा, छताचा पंखा, खिडकीची ग्रिल, ड्राय बाल्कनीतली कपड्यांची दोरी. झाडांत नारळ, कडुनिंब, गुलमोहर, सोनचाफा. प्रत्येकाला एकच नाव, एकच जागा, आणि खरे माप. वस्तू हवी तर कोठीघरातूनच काढायची, हा नियम.

"फायदा काय?" मी विचारले.

"एका इमारतीचे पंधरा व्ह्यू धर. प्रत्येकाचा दिवस आणि संध्याकाळ, म्हणजे तीस चित्रं. बिल्डरनं फोन केला की टाइल बदलली. पूर्वी एकेक फाइल उघडून बदलायला दहा मिनिटं लागत. तीस दाहे तीनशे मिनिटं, म्हणजे पाच तास गेले. आता कोठीघरात टाइल एकदाच बदलायची, तिसांनाही लागते."

गॅदरिंग चुकलेली रात्र

दुसरे टूल 'तपासनीस'. हे भाचीने स्वतः लिहिले आहे. ती काही संगणक इंजिनीअर नाही. इंटिरिअरचा डिप्लोमा आणि आठ वर्षांचा अनुभव, एवढीच तिची शिदोरी. ते लिहायची पाळी का आली, ते तिने सांगितले.

एका गृहसंकुलाचा शुभारंभ २६ जानेवारीला होता. बारा चित्रे रात्री संगणकांच्या रांगेला लावून सगळे घरी गेले. सकाळी पाहतात तो बाराही चित्रांत फरशीच्या जागी नुसता सपाट रंग! झाले होते एवढेच की एका मुलाने टाइलचे चित्र आपल्याच संगणकावर ठेवले होते. मागच्या खोलीतल्या संगणकांना ते सापडले नाही. त्यांनी तक्रारही केली नाही, आपले रात्रभर इमाने इतबारे चुकीचे काम करत राहिले.

"पुढच्या दोन रात्री आम्ही तिथेच होतो. दुसऱ्या रात्री मीराचं शाळेचं गॅदरिंग होतं, मावशी. ती लमाणी झाली होती. सासूबाई घेऊन गेल्या. मी मोबाइलवर नाच पाहिला, तोही रेंडर होता होता."

त्या फेब्रुवारीत तिने स्क्रिप्ट लिहायला शिकायला घेतले. मुलगी झोपली की रोज तासभर. दोन महिन्यांत तपासनीस उभा राहिला. आता रात्रीचे काम लावण्याआधी तो सगळ्या फायली चाळतो. कुठले चित्र हरवले आहे का, कुठला दिवा चुकून बंद आहे का, चित्राचा आकार बरोबर आहे का, साठवायची जागा पुरेल का. एक जरी गोष्ट अडली तरी लाल खूण येते आणि काम रांगेत लागतच नाही. गॅस बंद आहे का, दाराला कडी आहे का, हे रात्री आपण पाहतो ना, अगदी तसेच.

तिसरे टूल ही रांगच. चित्रपटासारखा फिरता देखावा, ज्याला वॉकथ्रू म्हणतात, तो करायचा तर सेकंदाला २५ चित्रे लागतात. एका मिनिटाची १,५०० झाली. एका चित्राला दहा मिनिटे धरली तर १५,००० मिनिटे, म्हणजे अडीचशे तास. एकच संगणक दहा दिवसांहून जास्त राबेल. दहा संगणकांत वाटले तर पंचवीस तासांत काम उरकते. कोणाला काय द्यायचे, मध्येच एखादा बंद पडला तर त्याचे काम दुसऱ्याकडे कसे सोपवायचे, हे ते टूल पाहते. अशी रांग लावणारी सॉफ्टवेअर विकतही मिळतात. पण कुठले काम आधी आणि कुठले मागून, हा कायदा ज्याच्या त्याच्या घरचा.

घरगुती हत्यार जगात कसे गेले

अशी घरची हत्यारे घरातच राहतात असेही नाही. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनमध्ये 'निओजिओ' नावाचा एक अॅनिमेशन स्टुडिओ होता. तिथल्या टोन रोझेंडाल यांनी १९९४ च्या सुमारास आपल्या स्टुडिओच्या कामापुरते एक सॉफ्टवेअर लिहायला घेतले. तेच 'ब्लेंडर'. पुढे ते विकण्यासाठी काढलेली कंपनी २००२ मध्ये बुडाली. तेव्हा भांडवलदारांनी सांगितले, एक लाख युरो द्या, सॉफ्टवेअर मोकळे करतो. जगभरच्या लोकांनी वर्गणी काढून सात आठवड्यांत पैसे जमवले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून ब्लेंडर सर्वांना फुकट झाले. आज घरी बसून शिकू पाहणाऱ्या मुलीला पैशावाचून अडायला नको, ते या वर्गणीमुळे.

खास इमारतींच्या चित्रांतलेही उदाहरण आहे. बुडापेस्टच्या 'ब्रिक व्हिज्युअल' या स्टुडिओने एकाच इमारतीचे अनेक कॅमेरे, अनेक वेळा, अनेक उजेड यांचा पसारा आवरायला स्वतःपुरती टूल्स केली. ती पुढे 'पल्झ' या नावाने इतर स्टुडिओंसाठी बाजारात आली. एका घरचा डबा गावाला आवडला म्हणायचा!

पलंग साडेसहा फुटांचाच

आता वहिनींच्या उन्हाकडे येऊ.

भाचीने पडद्यावर एक बेडरूम उघडली. दहा बाय अकराची खोली. पलंग, दोन्ही बाजूंना टेबले, कपाट, वर चालायला ऐसपैस जागा. मी म्हटले, "छान मोठी दिसते गं!"

"दिसते ना? आता पलंगाचं माप बघ." पलंगाची लांबी साडेपाच फूट होती! खरा डबल बेड साडेसहा फूट लांब नि पाच फूट रुंद. सगळे सामान पंधरा टक्के लहान केले की खोली तेवढीच मोठी वाटते. डोळा फसतो, कारण डोळा पलंगावरूनच खोली मोजतो. दुसरी युक्ती कॅमेऱ्याची. खऱ्या खोलीत फोटोग्राफर भिंतीला पाठ लावून उभा राहील. इथे भिंत पुसून कॅमेरा भिंतीपलीकडे पाच फूट नेता येतो. आणि तिसरी युक्ती सूर्याची. तो हव्या त्या खिडकीत आणून ठेवायचा. शेजारची विंग आड आली तर तेवढ्यापुरती लपवायची.

"हे तुम्हीही करता?" मी सरळच विचारले.

"करायचो," तीही सरळच म्हणाली. "कोणी लबाडीनं नाही, मावशी. चित्र सुंदर दिसावं म्हणून. शिवाय 'जरा उजेड वाढवा हो' म्हणून समोरून फोन येतो. मग मी भिशीत तुझ्या वहिनींची गोष्ट सांगितली. दोघीजणी म्हणाल्या, आमचंही असंच झालंय. त्यातली एक तर आमच्याच स्टुडिओचं चित्र बघून फसलेली."

त्यानंतर तपासनीसाला दोन नव्या सवयी लागल्या. पहिली मापाची. कोठीघरातली वस्तू कोणी ताणली किंवा लहान केली की लाल खूण. दुसरी सूर्याची. इमारतीचा अक्षांश-रेखांश आणि नकाशावरची उत्तर दिशा सुरुवातीलाच भरायची. मग फक्त तारीख आणि वेळ निवडता येते, सूर्य आपली जागा आपण घेतो. तो हाताने सरकवता येत नाही. सभोवतालच्या मंजूर इमारती लपवल्या तरी लाल खूण.

खरा सूर्य काय करतो ते तिने मला पडद्यावर फिरवून दाखवले. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर. डिसेंबरच्या बावीस तारखेला भर दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. दक्षिणेच्या सात फूट उंच चौकटीतून आलेली तिरीप त्या वेळी जेमतेम सव्वासहा फूट आत पोहोचते. वर छज्जा असला तर त्याहूनही कमी. उत्तरेच्या खिडकीत सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या विषुवदिनापर्यंत थेट ऊन येतच नाही. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळातच दुपारचा सूर्य जरासा उत्तरेकडे झुकतो. आणि वहिनींची खिडकी? वहिनींच्या मुलाकडचा नकाशा मी मुद्दाम नेला होता. खिडकी उत्तरेला होती. हिवाळ्यातले ते कोवळे ऊन, समोर भिंत नसती तरी, त्या ओट्यावर कधीच पडले नसते!

किल्ली कोणाच्या हाती

असे टूल केले म्हणून सगळे गोड झाले, असे मी लिहिणार नाही. एक जुने गिऱ्हाईक, "तुमचे व्ह्यू फिके वाटतात," म्हणून दुसऱ्या स्टुडिओकडे गेले. मालकांनी आठ दिवस भाचीशी धड बोलणे टाकले होते. नऊ जणांचे पगार त्यांना भागवायचे असतात, त्यांचेही चूक नाही. नंतर दुसऱ्या एका बिल्डरने उलट मागणी केली. ग्राहकाने ताबा घेताना भांडू नये म्हणून त्याला प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात उत्तर दिशा, तारीख आणि वेळ छापून हवी होती. ते काम टूलने आपोआप केले. एक गेले, एक आले.

"पण कुलूप तूच केलंस. तुला ते उघडताही येत असेल की," मी म्हटले.

"येतं ना! टूलला खरं-खोटं कळत नाही, मावशी. सांगितलं तेवढं ते न विसरता करतं. म्हणून उघडलं तर कोणी, कधी, कशासाठी, याची नोंद राहते अशी सोय केली आहे. मी उघडलं तरी माझं नाव येतं." मग हसून म्हणाली, "आपल्याच हातांनी आपल्याला कडी लावून घेतली आहे म्हण ना."

माहितीपत्रक हातात आले की

आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी आज ना उद्या असा गुळगुळीत कागद येईल. त्या वेळी या गोष्टी ध्यानात असू द्या.

चित्राखालची बारीक अक्षरे आधी वाचा. 'कलात्मक कल्पनाचित्र' असे शब्द असले तर तो फोटो नाही, हे समजून चाला.

चित्र बाजूला ठेवून मंजूर नकाशा मागा. त्यावर उत्तरेचा बाण असतो. आपले स्वयंपाकघर, देवघर, ड्राय बाल्कनी कुठल्या दिशेला आहे ते त्यावरून ठरवा. खिडकीसमोर काय येणार आणि किती फुटांवर, हे पूर्ण संकुलाच्या नकाशात पाहा.

घरातला पलंग, कपाट आणि फ्रिज टेपने मोजून घ्या. ती मापे नकाशातल्या खोलीत पेन्सिलने मांडा. सॅम्पल फ्लॅटमध्येही पलंग मोजायला लाजू नका. जागेचा विचार करताना कार्पेट क्षेत्रफळच धरा.

शक्य तर एकदा सकाळी आणि एकदा दुपारी प्रत्यक्ष जागेवर जाऊन उभ्या राहा. सूर्य तिथे फुकट बघायला मिळतो.

जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक आहे. मुलाकडून मोबाइलवर तो उघडून घ्या, प्रकल्पाची कागदपत्रे तिथे पाहता येतात. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे. स्थावर संपदा कायदा २०१६ चा आहे. त्याच्या बाराव्या कलमानुसार जाहिरातीतल्या, माहितीपत्रकातल्या किंवा नमुना सदनिकेतल्या चुकीच्या वा खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झाले, तर भरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर भरलेली रक्कम व्याजासह परत मागता येते. पण त्यासाठी पुरावा लागतो. वहिनींनी ते माहितीपत्रक वास्तुशांतीच्या आधीच्या आवराआवरीत रद्दीत घातले. तुम्ही घालू नका. बुकिंगच्या पावतीबरोबर, तारीख टाकून, कपाटात ठेवा.

निघताना भाचीने मला एक चित्र छापून दिले. वहिनींच्या सुनेचे तेच स्वयंपाकघर तिने मुलाच्या नकाशावरून शेजारच्या विंगसकट उभे केले होते. तारीख २२ डिसेंबर, वेळ दुपारची बारा. ओटा करडा, कोपरा अंधारा. मात्र समोरच्या विंगच्या भिंतीला तिने पांढरा रंग देऊन पाहिला होता. उजेडाची ती झाक, लाल साडीसारखीच, खिडकीतून आत आली होती आणि ओट्याचा अर्धा भाग उजळला होता.

ते चित्र घेऊन वहिनींचा मुलगा सोसायटीच्या सभेत गेला. सध्याचा मातकट रंग जाऊन विंगच्या आतल्या भिंती पांढऱ्या करायचा ठराव झाला. रंग लागला तो गेल्या दिवाळीत. परवा वहिनी पुण्याहून आल्या. मी विचारले, "ऊन आलं का?"

"ऊन कुठलं येतंय," त्या म्हणाल्या. "पण दुपारी डाळ निवडताना ट्यूब लावावी लागत नाही."